विश्लेषण : सोलर पॅनेलचे वॅट जुळले, पण व्होल्टचे काय?

घरात इन्व्हर्टर आणि बॅटरी आधीपासून आहे. वीज वारंवार जाते म्हणून गच्चीवर दोन सोलर पॅनेल आणि एक चार्ज कंट्रोलर बसवला जातो. दुकानात वॅटचा हिशेब होतो, अँपिअर तपासले जातात आणि पावसाळ्यानंतर सगळे सुरळीत चालू होते. मग डिसेंबरातील एका थंड सकाळी कंट्रोलर बंद पडतो. दोष कंट्रोलरचा असतो की जोडणीचा? अनेकदा उत्तर पॅनेलच्या मागच्या लेबलवरच छापलेले असते.

लेबलवरचे चार आकडे कोणते?

पॅनेलच्या मागे वॅटखेरीज आणखी चार आकडे असतात. पहिला ‘व्हीओसी’, म्हणजे पॅनेलला काहीही जोडलेले नसताना मिळणारे सर्वाधिक व्होल्टेज. दुसरा ‘व्हीएमपी’, म्हणजे पॅनेल पूर्ण क्षमतेने वीज देत असतानाचे व्होल्टेज. तिसरा ‘आयएससी’, म्हणजे शॉर्ट सर्किटमधील प्रवाह आणि चौथा ‘आयएमपी’, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या वेळचा प्रवाह.

बाजारात सहज मिळणाऱ्या ५४० वॅटच्या पॅनेलचे उदाहरण घेऊ. त्याचे व्हीओसी साधारण ४९.५ व्होल्ट, व्हीएमपी ४१.६ व्होल्ट, आयएससी १३.८५ अँपिअर आणि आयएमपी १३ अँपिअर असते. कंपनीनुसार यात थोडा फरक पडतो. हे सगळे आकडे प्रयोगशाळेत पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेले असतात. पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

सिरीज आणि पॅरलल जोडणीत फरक काय?

एका पॅनेलचे प्लस टोक दुसऱ्याच्या मायनसला जोडले की ती सिरीज जोडणी. यात व्होल्टची बेरीज होते, प्रवाह तेवढाच राहतो. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडले की ती पॅरलल जोडणी. यात अँपिअरची बेरीज होते, व्होल्ट तेवढेच राहतात. वॅट दोन्हींत सारखेच, १०८०. म्हणूनच फक्त वॅट पाहणाऱ्याला दोन्ही जोडण्या एकच वाटतात. कंट्रोलरसाठी मात्र त्या पूर्ण वेगळ्या असतात.

कंट्रोलरवरील ‘१००/५०’ म्हणजे काय?

एमपीपीटी प्रकारच्या अनेक कंट्रोलरवर असे दोन आकडे असतात. १०० म्हणजे पॅनेलच्या बाजूने येणाऱ्या व्होल्टेजची कमाल मर्यादा. ५० म्हणजे बॅटरीकडे जाणाऱ्या प्रवाहाची कमाल मर्यादा, अँपिअरमध्ये.

या दोन मर्यादा ओलांडल्यास होणारे परिणाम सारखे नसतात. पॅनेलची क्षमता थोडी जास्त झाली, तर एमपीपीटी कंट्रोलर बॅटरीकडे ५० अँपिअरच सोडतो आणि उरलेली वीज घेतच नाही. नुकसान होते ते फक्त वाया गेलेल्या विजेचे. व्होल्टेजला मात्र अशी सवलत नाही. जास्त व्होल्टेज कंट्रोलरच्या टोकांवर येऊन उभे राहते आणि आतले सुटे भाग ते सोसू शकत नाहीत. कंट्रोलर कायमचा निकामी होऊ शकतो. बहुतेक वेळा वॉरंटीतही हा बिघाड बसत नाही.

थंडीत व्होल्टेज वाढते कसे?

ऊन वाढले की व्होल्ट वाढतात, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ऊन वाढल्यावर प्रामुख्याने प्रवाह वाढतो. व्होल्टेज ठरते ते मुख्यतः पॅनेलच्या तापमानावर. सिलिकॉनचे पॅनेल तापले की व्होल्टेज उतरते, गार झाले की चढते. हे प्रमाण माहितीपत्रकात दिलेले असते. आजच्या अनेक पॅनेलमध्ये व्हीओसी दर अंशामागे साधारण ०.२८ टक्के बदलते.

आता आपली दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडू. लेबलप्रमाणे बेरीज होते ९९ व्होल्ट. कंट्रोलरची मर्यादा १००. कागदावर सगळे ठीक. पण पॅनेलचे तापमान २० अंश असेल, तर हीच बेरीज १००.४ व्होल्ट होते. १० अंशांना ती १०३ च्या पुढे जाते. नाशिक जिल्ह्यातील निफाडमध्ये थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. तिथे हा आकडा १०४.५ व्होल्ट होतो. म्हणजे त्यासाठी निफाडची थंडीही लागत नाही. पुण्यातील हिवाळ्याची साधी सकाळही पुरेशी ठरते.

सर्वाधिक धोका सकाळीच असतो. रात्रभर गार पडलेल्या पॅनेलवर स्वच्छ ऊन येते, पण ते अजून तापलेले नसते. त्याच वेळी बॅटरी भरलेली असेल किंवा कंट्रोलरने वीज घ्यायला सुरुवात केली नसेल, तर पूर्ण व्हीओसी कंट्रोलरपर्यंत पोहोचते.

मग जोडणी कशी करावी?

हिशेब सोपा आहे. आपल्या गावातील आजवरचे किमान तापमान घ्यावे. २५ मधून ते वजा करावे. उत्तराला माहितीपत्रकातील टक्केवारीने गुणावे. जेवढे टक्के येतील तेवढे व्हीओसी वाढवावे आणि सिरीजमधील पॅनेलच्या संख्येने गुणावे. हा आकडा कंट्रोलरच्या मर्यादेच्या आत, थोडी जागा राखून, बसायला हवा.

वरील उदाहरणात दोन मार्ग आहेत. एक, १५० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर घेऊन सिरीज जोडणी ठेवणे. दोन, १०० व्होल्टचाच कंट्रोलर ठेवून पॅनेल पॅरललमध्ये जोडणे. २४ व्होल्टच्या बॅटरीला दुसरा मार्ग चालतो. उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले तरी व्हीएमपी ३५ व्होल्टच्या आसपास राहते आणि चार्जिंगला लागणाऱ्या सुमारे २९ व्होल्टपेक्षा ते पुरेसे जास्त असते. ४८ व्होल्टच्या बॅटरीला मात्र एकेक पॅनेल पुरणार नाही. तिथे सिरीजच हवी.

पॅरललमध्ये प्रवाह दुप्पट होतो. त्याच जाडीच्या वायरमध्ये वाया जाणारी वीज मग चौपट होते. म्हणून वायर जाड घ्यावी आणि एकत्रित आयएससी कंट्रोलरला चालते का, हे तपासावे. तीन किंवा अधिक पॅनेल पॅरललमध्ये असतील, तर प्रत्येकाला स्वतंत्र डीसी फ्यूज हवा. एकात बिघाड झाला, तर उरलेल्या दोघांचा सुमारे २८ अँपिअर प्रवाह त्यात उलटा शिरतो.

स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर चालेल का?

पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला जणू थेट बॅटरीला जोडतो. पॅनेलचे जास्तीचे व्होल्ट तो अँपिअरमध्ये बदलू शकत नाही. ५४० वॅटचे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला असे जोडले, तर १३ अँपिअर गुणिले साधारण १३.५ व्होल्ट, म्हणजे जेमतेम १७५ वॅट हाती येतात. शिवाय १२ व्होल्टसाठीच्या अनेक लहान पीडब्ल्यूएम कंट्रोलरची मर्यादा २५ व्होल्टच्या आसपास असते. तिथे ४९.५ व्होल्टचे एकच पॅनेलही घातक ठरते.

बॅटरीचीही मर्यादा असते का?

होय. लेड-अॅसिड ट्युब्युलर बॅटरीला साधारण क्षमतेच्या दहा टक्के प्रवाहाने चार्ज करणे योग्य मानले जाते. म्हणजे १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे १५ अँपिअर. ५० अँपिअरचा कंट्रोलर लावला म्हणून तेवढा प्रवाह सोडायचा नसतो. बहुतेक एमपीपीटी कंट्रोलरमध्ये ही मर्यादा सेटिंगमधून कमी करता येते.

छतावरील ग्रीड-जोडणीला हे लागू आहे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेतील ग्रीडला जोडलेल्या यंत्रणेत सहसा बॅटरी किंवा चार्ज कंट्रोलर नसतो. तरी इन्व्हर्टरला डीसी व्होल्टेजची मर्यादा असतेच. ती ६०० व्होल्ट असेल, तर १२ पॅनेलची सिरीज लेबलप्रमाणे ५९४ व्होल्टची, पण ५ अंशांना ६२७ व्होल्टची होते. अकरा पॅनेल मात्र मर्यादेत बसतात.

काम सुरू करण्यापूर्वी

बहुतेक कंट्रोलरमध्ये आधी बॅटरी जोडायची आणि नंतर पॅनेल. काढताना आधी पॅनेल. उन्हात असलेले पॅनेल बंद करण्याचे बटण नसते, त्यामुळे मध्ये डीसी आयसोलेटर असावा. प्रवाह चालू असताना कनेक्टर ओढला, तर ठिणगी पेट घेऊ शकते. जोडणीनंतर एखाद्या थंड सकाळी, कंट्रोलरला जोडण्याआधी, मल्टिमीटरने पॅनेलचे व्होल्टेज मोजून घ्यावे. मीटरवरचा आकडा मर्यादेच्या जवळ दिसला, तर एक पॅनेल सिरीजमधून काढणे हे नवा कंट्रोलर घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.