हे असं का? : डीव्हीडीतली गाणी सुटी कशी होतात?

मैफलीची डीव्हीडी कॉम्प्युटरवर उघडली, तर गाण्याच्या नावाची एकही फाइल सापडत नाही. असतात त्या 'व्हीओबी' नावाच्या अगडबंब फाइली. मग गाणी गेली कुठे?

या फाइलींत चित्र, आवाज आणि सबटायटल्स यांची तिपेडी वेणी घातलेली असते. तिन्हींचे २०४८ बाइटचे तुकडे एकमेकांत गुंफलेले असतात, म्हणजे लेझरला चित्रासाठी एकीकडे नि आवाजासाठी दुसरीकडे धावावं लागत नाही. प्रत्येक तुकड्यावर तो कशाचा, याची खूण असते. सॉफ्टवेअर आवाजाचे तेवढे तुकडे वेचून सलग जोडतं. एका व्हिडिओसोबत आवाजाचे आठपर्यंत ट्रॅक असू शकतात. त्यातला हवा तो निवडायचा.

कापायचं कुठे? प्रकरणांच्या (चॅप्टरच्या, म्हणजे मैफलीत बहुधा एकेका गाण्याच्या) वेळा 'आयएफओ' या छोट्या फाइलीत असतात. डॉल्बी डिजिटल या पद्धतीत आवाज आक्रसून ३२ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये बांधलेला असतो, त्यामुळे काप दोन फ्रेमच्या मधेच बसतो. कानाला पत्ताही लागत नाही.

इथवर दर्जा तसूभरही घटत नाही. घटतो तो एमपी३ करताना, कारण आधीच आक्रसलेला आवाज पुन्हा आक्रसतो. तेव्हा मूळ आवाजाची फाइल पुसू नका.