चलान, कोर्ट आणि ‘गुन्हा कबूल’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हेल्मेट नव्हतं म्हणून आलेलं चलान असो की दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला, ‘दंड भरला की सुटलो’ असंच बहुतेकांना वाटतं. कायद्यात मात्र या दोन्हींत फार फरक आहे. तो ठाऊक नसल्याने अनेक तरुण नकळत स्वतःच्या नावावर शिक्षा लावून घेतात.

गैरसमज : ई-चलान भरलं की नावावर गुन्हा लागतो.
वस्तुस्थिती : हेल्मेट, सीटबेल्ट, वेगमर्यादा यांसारखे गुन्हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० नुसार तडजोडपात्र आहेत. तडजोड शुल्क भरल्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही, त्यामुळे कोर्टाकडून दोषी ठरण्याचा प्रश्न येत नाही.

गैरसमज : कोर्टात ‘कबूल’ म्हणून दंड भरला की विषय संपला.
वस्तुस्थिती : खटला संपतो, दोषसिद्धी राहते. मद्यपान करून गाडी चालवणं (कलम १८५) तडजोडपात्र नाही. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसता दंड झाला तरी ती शिक्षाच. नोकरीच्या अर्जात ‘शिक्षा झाली आहे का?’ असं विचारलं, तर ती सांगावी लागते.

गैरसमज : नाकबूल करणं म्हणजे कोर्टाशी वाकडं घेणं.
वस्तुस्थिती : तो आरोपीचा हक्क आहे. मग गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. दोषी ठरलात आणि पहिलाच गुन्हा असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडण्याची विनंती करता येते, निर्णय कोर्टाचा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

गैरसमज : लोकअदालतीत सगळं माफ होतं.
वस्तुस्थिती : तिथे तडजोडपात्र गुन्हेच मिटतात आणि सवलत हा हक्क नाही. एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही.

गैरसमज : चलान चुकीचं असलं तरी भरावं, किंवा सोडून द्यावं.
वस्तुस्थिती : फोटो, गाडीचा नंबर, वेळ तपासा, चूक दिसली तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा. कोर्टाचं समन्स आलं तर तारखेला हजर राहा, नाहीतर वॉरंट निघू शकतं.

पिऊन गाडी चालवणं जीवघेणं आहे, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण कबुली देण्यापूर्वी कलम कोणतं आणि ते तडजोडपात्र आहे का, हे वकिलाला विचारा. सही त्यानंतर करा.