कंपनीचा ताळेबंद वाचू या

शेतकरी उत्पादक कंपनीत आपला शेअर असेल, तर आपण तिच्या मालकीणच. वार्षिक सभेची नोटीस किमान 14 दिवस आधी आली पाहिजे आणि तिच्यासोबत ऑडिट झालेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक पाहिजे, असा कायदा आहे. ते कागद फडताळात टाकू नका.

नफा-तोटा पत्रक वर्षभराची कमाई आणि खर्च सांगतं. 31 मार्चला कंपनीकडे काय आहे आणि कुणाचं किती देणं आहे, हे ताळेबंद सांगतो.

समजा, नफा 2 लाख दिसतो. पण बँकेत फक्त 40 हजार, व्यापाऱ्यांकडून येणं 6 लाख आणि सभासदांच्या सोयाबीनचं देणं 5 लाख. म्हणजे नफा कागदावर आहे. आपला पैसा व्यापाऱ्याकडे अडकलाय. मग सभेत विचारायचं: हे येणं किती महिन्यांचं? मागच्या वर्षीपेक्षा वाढलं का? ऑडिटरचा शेरा काय? उत्तर ऐकूनच पुढचा माल उधारीवर द्यायचा की रोखीने, ते ठरवायचं.

पंचसूत्रीमुळे गटाच्या नोंदी आपल्याला कळतात. येणं, देणं, शिल्लक हे शब्द तेच आहेत. फक्त वही मोठी झाली.