कोषातील जीव आणि हवेतील ओलावा

अहेरी परिसरातील जंगलांत ऐन आणि अर्जुन या वृक्षांवर वाढणारी टसर रेशमाची अळी आपल्याभोवती जो कोसा, म्हणजे रेशमी कोष, विणते, त्यातील जीव सुप्तावस्थेत कडक उन्हाळा काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पतंग होऊन बाहेर पडतो. बियाण्यासाठी राखलेले कोसे ज्या खोलीत माळा करून टांगले जातात, तेथील सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेल्या वाफेचे प्रमाण, सुमारे ७० ते ८० टक्के राखणे इष्ट मानले जाते. हवा फार कोरडी झाल्यास कोषातील जिवाच्या शरीरातील पाणी घटते, पतंगाचे पंख नीट उलगडत नाहीत आणि अंडी सुकतात. उलट कोंदट ओल साचल्यास बुरशी वाढून रोग पसरतो. म्हणून खोलीच्या जमिनीवर ओली वाळू पसरावी आणि खिडक्यांना ओले गोणपाट लावावे, परंतु कोशांवर थेट पाणी न शिंपडता वारा खेळता ठेवावा. पुढच्या पिकाचे भवितव्य याच समतोलावर अवलंबून असल्याने, कोसा उत्पादकांनी आर्द्रतामापकावरील नोंद रोज पाहण्याची सवय अवश्य लावून घ्यावी.