फिटची गोळी अचानक बंद केली तर काय होतं?

फिट आली की कांदा हुंगवा, नाहीतर चप्पल. आपल्याकडं आजही हे चालतं. त्यानं फिट थांबत नाही. फिट आटोक्यात राहते ती रोज वेळेवर घेतलेल्या गोळीनं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, योग्य औषध मिळालं तर मिरगीच्या १०० पैकी ७० पेशंटना फिटशिवाय जगता येतं.

पण घोळ पुढं होतो. सहा-आठ महिने फिट येत नाही. मग कुणीतरी गोळीचं नाव मोबाईलवर शोधतं, साइड इफेक्टची भलीमोठी यादी दिसते आणि घरात ठरतं, "बरं वाटतंय ना, मग बंद करूया."

ती यादी खोटी नसते. फक्त त्यातलं नेहमीचं काय आणि धोक्याचं काय, हे कुणी सांगत नाही.

आधी गोळी काय करते ते बघू. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक संदेश पाठवत असतात. ते एकदम बेसुमार सुटले की फिट येते. गोळी हा भडका उडू देत नाही. पण हे करताना बाकीचा मेंदूही थोडा मंदावतो. म्हणून सुरुवातीला झोप येते, चक्कर येते, गुंगी वाटते. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत त्याची सवय होते.

काही त्रास त्या त्या औषधाचे असतात. फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे, त्यानं हिरड्या सुजतात. व्हॅलप्रोएटनं वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात. लेव्हेटिरासेटॅमनं काही जण चिडचिडे किंवा उदास होतात. हे सगळं डॉक्टरांना सांगायचं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

आता धोक्याचं. अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइननं क्वचित अशी रिअ‍ॅक्शन येते, बहुतेकदा पहिल्या दोन महिन्यांत, आणि ती जिवावर बेतू शकते. सतत उलट्या, कावीळ किंवा मनात आत्महत्येचे विचार आले तरी थांबायचं नाही.

मग अचानक गोळी बंद केली तर? औषधानं दाबून ठेवलेला भडका पुन्हा उसळतो. कधीकधी फिट येते ती थांबतच नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी येते. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट म्हणजे इमर्जन्सी, लगेच १०८ ला फोन करायचा. डॉक्टरसुद्धा गोळी एका झटक्यात बंद करत नाहीत. साधारण दोन वर्षं फिट आली नाही की ते विचार करतात, आणि मग काही आठवडे, कधी काही महिने घेऊन डोस उतरवत नेतात.

सगळ्यात जास्त भोगतात त्या मुली. लग्न मोडेल म्हणून आजार लपवला जातो आणि सासरी कुणी बघू नये म्हणून गोळी सुटते. खरंतर हिंदू विवाह कायद्यातून मिरगीची अट १९९९ सालीच काढून टाकली आहे.

लपवण्यानं दुसरंही नुकसान होतं. गरोदरपणात व्हॅलप्रोएट चालू असेल तर १०० पैकी जवळपास १० बाळांमध्ये जन्मजात व्यंग दिसतं. १०० पैकी ३० ते ४० मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागं पडू शकतं. म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना भेटायचं. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटॅम हे त्यामानानं सुरक्षित पर्याय आहेत. पण दिवस राहिल्याचं अचानक कळलं, तरी घाबरून गोळी बंद करायची नाही. मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

आणखी एक. कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइनमुळं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी फिटची गोळी चालू आहे हे आधी सांगा, मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि पाकीट संपायच्या आठवडाभर आधीच नवीन आणून ठेवा.