भरलेल्या दंडाची पावती जपा



वजनकाट्याची चिठ्ठी आपण बिल हाती पडेपर्यंत जपतो. दंडाच्या पावतीचे मात्र तसे होत नाही. "दंड भरला, सुटलो" म्हणायचे आणि कागद चुलीत! पुढे तोच दंड पुन्हा मागितला, तर दाखवायला काही उरत नाही.

डहाणू-तलासरी भागात तर हा जमिनीचाच प्रश्न आहे. तेथे जंगलजमीन कसणाऱ्या अनेक आदिवासी कुटुंबांनी अतिक्रमणाचे दंड भरले आहेत.

प्रथम पावती कोणाची ते पाहावे. दंड कोर्टाचा असतो, तशी वनखात्याशी तडजोडीची रक्कमही असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६८ प्रमाणे ही रक्कम भरल्यावर त्या गुन्ह्याबद्दल पुढील कारवाई करता येत नाही. कोर्टाच्या दंडाची वसुली शिक्षेपासून सहा वर्षांत व्हावी, असा नियम आहे. कैद त्याहून लांब असेल तरच मुदत वाढते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हे कायम आहे.

पुन्हा मागणी आली तर घाबरून पैसे भरू नयेत. खटल्याचा नंबर विचारावा. त्याच कोर्टात अर्ज द्यावा, पावतीची झेरॉक्स जोडावी, अस्सल पावती फक्त दाखवावी आणि अर्जाची पोच घ्यावी. पावती हरवली असेल तर निकालाची नक्कल मागावी. अनुसूचित जमातीच्या माणसाला व कोणत्याही स्त्रीला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जावे.

आता खरी गोष्ट. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. कोर्टाचे कागद त्यात पुरावा म्हणून चालतात. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. म्हणजे ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवले, तोच मुलाच्या कामी येतो. एवढ्यावर भागत नाही. किमान दोन पुरावे लागतात. दावा ग्रामसभेकडे द्यायचा. उपविभागीय समितीने नाकारला तर साठ दिवसांत जिल्हा समितीकडे अपील करता येते.

तेव्हा घरातल्या पेट्या, गाठोडी उघडा. म्हाताऱ्यांना विचारा. जुनी पावती सापडली तर झेरॉक्स काढा. अस्सल कागद कोणाच्या हाती देऊ नका.