कोड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोड, म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, जगात साधारण शंभरातल्या एकाला असतात. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेतल्या रंगपेशी मारते आणि तेवढा भाग पांढरा पडतो. डाग सहसा दुखत नाहीत, खाजत नाहीत. तरी हा आजार माणसाला आतून खचवतो, कारण त्याचा बराचसा त्रास आजूबाजूच्या लोकांकडून होतो.

गैरसमज: हा कुष्ठरोगच. जवळ बसलं की लागतो.

वस्तुस्थिती: कोडाला जंतूच नसतो, त्यामुळे ते लागत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते. कोडाच्या डागावर कापूस फिरवला तरी कळतो. तरीही पाण्याचा पेला वेगळा ठेवला जातो, प्रसाद वरून टाकला जातो. खरं तर कुष्ठरोगही 6 ते 12 महिन्यांच्या औषधांनी बरा होतो आणि 2019 साली तो घटस्फोटाच्या कारणांतून वगळला गेला. वाळीत टाकायला आधार तिथेही नाही.

गैरसमज: दुधावर मासे खाल्ले, आंबट खाल्लं, नाहीतर मागच्या जन्मीचं पाप.

वस्तुस्थिती: यातल्या कशालाही पुरावा नाही. पण अशा बोलण्याने आजारी माणूस गुन्हेगार ठरतो. त्याच्या ताटातलं ताक-लोणचं जातं आणि आई ‘माझंच काही चुकलं’ म्हणत कुढत राहते. टिकलीच्या गोंदातल्या किंवा रबरी चपलेतल्या काही रसायनांनी मात्र त्या जागचा रंग खरंच जाऊ शकतो. ज्यांना कोड आहे, त्यांना नाडीचा घट्ट काच पडून तिथेही नवा डाग उठू शकतो.

गैरसमज: अशा मुलीचं लग्न कसं होणार? पुढे मुलांनाही होईल.

वस्तुस्थिती: आनुवंशिकतेचा थोडा वाटा आहे, पण बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणाला कोड नसतं. आईला किंवा वडिलांना असलं, तरी बहुतेक मुलांना होत नाही. सुमारे निम्म्या जणांत आजार विशीच्या आत सुरू होतो, म्हणजे शाळा-कॉलेजच्या वयात आणि स्थळं येण्याच्या तोंडावर. मग पूर्ण बाह्यांचे कपडे येतात, फोटो टाळले जातात, धाकट्या बहिणीचं स्थळही अडतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (2006) या चित्रपटाने हाच पेच मांडला. पुण्याच्या श्वेता असोसिएशनमध्ये कोड असलेली माणसं एकमेकांना आधार देतात.

गैरसमज: दिसण्याचाच तर प्रश्न आहे, मनाला कशाला लावून घ्यायचं?

वस्तुस्थिती: कोड असलेल्यांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात. त्वचेच्या आजाराचा जगण्यावर होणारा परिणाम मोजायला त्वचारोगतज्ज्ञ 1994 पासून दहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात: गेल्या आठवड्यात संकोच वाटला का, कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का, चारचौघांत मिसळताना अडचण आली का? झोप उडाली असेल, घराबाहेर पडणं थांबलं असेल, तर मनाच्या डॉक्टरांनाही भेटावं. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

गैरसमज: यावर औषधच नाही.

वस्तुस्थिती: मलमं आहेत, अतिनील किरणांचे उपचार आहेत, वाढ थांबलेल्या डागांवर त्वचेचं किंवा रंगपेशींचं रोपण करता येतं. चेहऱ्यावर रंग बऱ्यापैकी परततो, बोटांच्या टोकांवर कठीण. महिनोन् महिने लागतात, म्हणून ‘आठवड्यात खात्रीने बरे’ या जाहिरातींपासून लांब राहावं. उपचार न घेता डागांसह जगायचं ठरवणाऱ्यांनाही तो हक्क आहे. त्यांनी उन्हापासून त्वचा जपावी.

गैरसमज: आपुलकीने चौकशी केली, चार उपाय सुचवले, तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती: लग्नघरात, लोकलमध्ये, लिफ्टमध्ये अनोळखी माणसंही लेप सुचवतात, तेव्हा त्या व्यक्तीला प्रत्येक ठिकाणी रुग्ण म्हणूनच वावरावं लागतं. डॉक्टर तिने केव्हाच गाठलेले असतात. तिच्याशी कामाचं, अभ्यासाचं, क्रिकेटचं बोलावं. डागांचा विषय तिने काढला, तरच काढावा.